छातीत पू झाला तर: एम्पायमाचे उपचार आणि त्यामागचं संशोधन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. सकाळचा राउंड संपवून वॉर्डाबाहेर आलं की दाराशी नातेवाईक उभे असतात. एकाच्या हातात एक्स-रेचं पाकीट असतं, दुसऱ्याच्या हातात औषधांची चिठ्ठी. त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, पण घाईत दिलेली उत्तरं त्यांना पुरत नाहीत आणि मलाही नाही. म्हणून इथे सावकाशीनं लिहितो आहे. तुमच्या माणसाला नेमकं काय करायचं ते त्याला तपासणारा डॉक्टरच सांगेल. त्याच्याशी बोलताना काय विचारायचं, एवढं यातून कळलं तरी माझं काम झालं.

आधी म्हणाले "छातीत पाणी झालंय", आता म्हणतात "पू झालाय". नेमकं काय खरं?

बहुधा दोन्ही खरं असतं, फक्त दिवस वेगळे असतात. फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं, तसंच छातीच्या आतल्या बाजूलाही असतं. या दोहोंच्या मध्ये जेमतेम दोन-तीन चमचे ओलावा असतो, श्वास घेताना फुप्फुस सहज सरकावं म्हणून. न्यूमोनिया झाला की या फटीत पाणी झिरपायला लागतं. सुरुवातीला ते पातळ आणि जंतूविरहित असतं, आणि न्यूमोनिया बरा झाला की आपसूक जिरतं.

पण जंतू तिथवर पोचले की पुढचा कारभार फार लवकर बदलतो. पाणी गढूळ होतं आणि रक्त गोठवणारं फायब्रिन त्यात जाळी विणायला लागतं. दोन-चार दिवसांपूर्वी सोनोग्राफीत काळंभोर, मोकळं दिसणारं पाणी आता मधमाश्यांच्या पोळ्यासारखं कप्प्याकप्प्यांचं दिसतं. तरीही दुर्लक्ष झालं तर दुधावर साय धरावी तशी फुप्फुसावर साय धरते, आणि काही आठवड्यांत ती चामड्यासारखी जाड होते. मग आतलं फुप्फुस फुगायचं म्हटलं तरी फुगत नाही. या पूला आम्ही एम्पायमा म्हणतो. आजार एकच, पण पहिल्या टप्प्यावर त्याला औषध पुरतं, दुसऱ्यावर नळी लागते आणि तिसऱ्यावर अनेकदा ऑपरेशन.

पाणी झालं की नळी टाकावीच लागते का?

नाही. न्यूमोनियाच्या बऱ्याच रुग्णांना थोडंफार पाणी होतं आणि त्यातल्या बहुतेकांना नळी लागत नाही. पण पुरेसं पाणी दिसलं तर सुई घालून नमुना काढलाच पाहिजे. ही सुई टाळू नका. निर्णय तिच्यावरच होतो.

सिरिंजमध्ये पू आला, म्हणजे घट्ट, पिवळट, कधी उग्र वासाचा, तर आणखी तपासण्यांची वाट पाहायची नाही, नळी टाकायची. पाणी पू नसेल पण संशयास्पद असेल तर त्याची आम्लता, म्हणजे पीएच, बघतात. तो ७.२ किंवा त्याहून कमी असेल तर नळीची वेळ झाली. पीएच मोजायची सोय नसेल तर पाण्यातली साखर बघतात. ती ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तोच अर्थ. जंतू आणि पांढऱ्या पेशी साखर खातात आणि आम्ल सोडतात, इतकं ते सरळ आहे.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नमुना घेतलेल्या सिरिंजमध्ये हवा राहिली तर पीएच खोटाच वर दिसतो. जागा बधिर करायला वापरलेलं लिग्नोकेन सिरिंजमध्ये उरलं असेल तर खोटाच खाली दिसतो. ऑक्सफर्डच्या गटानं २००९ मध्ये हे मोजून दाखवलं. दोन थेंब औषधानं नळी टाकायची की नाही हा निर्णय उलटू शकतो. म्हणून नमुन्याला वेगळी सिरिंज वापरायची, हवा काढून टाकायची आणि नमुना लगेच रक्तवायूंच्या मशिनवर न्यायचा.

इतकी भारी अँटिबायोटिक्स चालू आहेत, मग त्यांनीच पू का जिरत नाही?

औषध रक्तातून जातं आणि साठलेल्या पूला रक्तपुरवठाच नसतो. शिवाय तिथे आम्लता जास्त, प्राणवायू कमी, त्यामुळे काही औषधं निकामी ठरतात. पू बाहेर काढणं हाच मूळ उपचार आहे, आणि तो आजचा नाही. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनीही छाती कापून पू काढल्याची वर्णनं लिहून ठेवली आहेत. बाहेर आलेला पू शुभ्र आणि स्वच्छ असेल तर रुग्ण वाचतो, गढूळ आणि दुर्गंधीचा असेल तर मरतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

पण कसा काढायचा आणि कधी काढायचा, हे कळायला फार जीव गेले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत गोवर आणि फ्लूच्या मागोमाग न्यूमोनियाची साथ आली. हजारो जवानांच्या छातीत पू झाला. सर्जन ताबडतोब बरगडी कापून छाती उघडी करत, आणि सरासरी तीनात एक जवान दगावत होता. लष्करानं एम्पायमा कमिशन नेमलं. त्यातल्या एव्हार्ट्स ग्रॅहम आणि रिचर्ड बेल यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की न्यूमोनिया ऐन भरात असताना छाती बाहेरच्या हवेला उघडी केली तर दोन्ही फुप्फुसांचं काम कोलमडतं. पू काढा, पण हवा आत जाऊ देऊ नका, रुग्णाचं खाणंपिणं सांभाळा आणि कप्पा नीट रिकामा होतो आहे याची खात्री करा, असं त्यांनी सांगितलं. छावणीतला मृत्युदर ४.३ टक्क्यांपर्यंत उतरला. तेव्हा पेनिसिलीन यायचं होतं. एकही नवं औषध नसताना, केवळ पद्धत बदलून इतकी माणसं वाचली.

पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १९१९ रोजी, ऑक्सफर्डमध्ये विल्यम ऑस्लर गेले. आधुनिक वैद्यकाच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनाही न्यूमोनियानंतर छातीत पू झाला होता आणि ऑपरेशन करूनही उपयोग झाला नाही. या आजारावरचं आजचं सर्वांत महत्त्वाचं संशोधन त्याच ऑक्सफर्डमधून आलं आहे.

जाड नळी बरी की बारीक? आमच्या ओळखीचे डॉक्टर म्हणतात, पू घट्ट असतो, जाडच हवी.

आम्हीही तेच शिकलो होतो. बोटाएवढी नळी घालताना रुग्ण कळवळायचा आणि आम्ही मनाची समजूत घालायचो, की पू निघायचा तर एवढं सोसावंच लागेल. मग २०१० मध्ये ब्रिटनमधल्या ४०५ रुग्णांच्या नोंदी तपासून आकडे प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा ऑपरेशनची वेळ, दोन्हीत नळीच्या जाडीनं काहीही फरक पडत नव्हता. फरक होता तो फक्त दुखण्यात, जाड नळीचे रुग्ण जास्त कण्हत होते. आता सुरुवात बारीक नळीनं करतात, १४ फ्रेंच (हे नळीच्या जाडीचं माप) किंवा त्याहून बारीक, आणि तीही सोनोग्राफीत जागा बघून. बारीक नळी बुजू नये म्हणून दिवसातून काही वेळा सलाइन सोडून ती धुवावी लागते. ते वेळच्या वेळी होतं आहे ना, हे नातेवाइकांनी सिस्टरांना जरूर विचारावं. कोणी रागावणार नाही.

नळीतून औषध आत सोडणार म्हणतात. पू बाहेर काढायच्या नळीतून औषध आत का सोडायचं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. याचं उत्तर नीट कळायला साठ वर्षं लागली.

नळी टाकूनही पू येत नाही, कारण आत जाळी असते आणि नळीचं तोंड एकाच कप्प्यात उघडतं. बाकीचे कप्पे भरलेलेच राहतात. १९४९ मध्ये अमेरिकेत टिलेट आणि शेरी यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंपासून मिळवलेला एक अर्क रुग्णांच्या छातीत सोडला आणि जाळी विरघळते असं दाखवलं. त्या अर्कात दोन पदार्थ होते. स्ट्रेप्टोकायनेज फायब्रिन विरघळवायचं आणि स्ट्रेप्टोडॉर्नेज मेलेल्या पेशींतला डीएनए कापायचं. पू इतका चिकट, तार धरणारा असतो तो या डीएनएमुळेच.

पुढे औषधं शुद्ध करण्याच्या भरात स्ट्रेप्टोकायनेज वेगळं काढलं गेलं आणि तेवढंच वापरात राहिलं. जोडीदार मागे पडला. नळीतून स्ट्रेप्टोकायनेज सोडायची पद्धत जगभर रुळली, आपल्याकडेही. लहान-लहान अभ्यासांत पाणी जास्त निघतं असं दिसत होतं आणि तेवढ्यावर सगळे समाधानी होते. रुग्ण वाचतो का, ऑपरेशन टळतं का, हे मोठ्या प्रमाणावर कोणी मोजलंच नव्हतं.

ते २००५ मध्ये मोजलं गेलं. निक मास्केल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ५२ रुग्णालयांत मिस्ट-१ ही चाचणी केली. एकूण ४५४ रुग्ण होते, आणि कोणाला स्ट्रेप्टोकायनेज द्यायचं, कोणाला नुसतं दिसायला सारखं द्रावण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कोणाला काय मिळतंय हे ना डॉक्टरला माहीत, ना रुग्णाला. तीन महिन्यांत मृत्यू किंवा ऑपरेशन झालेले स्ट्रेप्टोकायनेज गटात ३१ टक्के, दुसऱ्या गटात २७ टक्के निघाले. फायदा शून्य, उलट गंभीर त्रास थोडा जास्त. अर्धशतक विश्वासानं दिलेलं औषध नुसत्या खाऱ्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही.

त्याच गटातल्या संशोधकांनी हार मानली नाही. जाळी विरघळली तरी पू चिकटच राहतो, मग वाहील कसा, असा प्रश्न त्यांनी विचारला. २०११ मध्ये नजीब रहमान आणि सहकाऱ्यांची मिस्ट-२ चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात २१० रुग्णांचे चार गट होते. एकाला टीपीए, म्हणजे गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज. दुसऱ्याला डीएनएज, म्हणजे डीएनए कापणारं औषध, जे सिस्टिक फायब्रोसिस या घट्ट कफाच्या जन्मजात आजारात वाफेतून देतात. तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला नुसतं दिसायला सारखं, औषध नसलेलं द्रावण. टीपीएचा डोस १० मिलिग्रॅम, डीएनएजचा ५ मिलिग्रॅम. दिवसातून दोनदा, तीन दिवस, नळीतून सोडायचं, तासभर नळी बंद ठेवायची आणि मग उघडायची.

दोन्ही औषधं मिळालेल्यांचा एक्स-रेवरचा पांढरा भाग सात दिवसांत सरासरी २९.५ टक्क्यांनी कमी झाला, नुसतं द्रावण मिळालेल्यांचा १७.२ टक्क्यांनी. एकटं टीपीए आणि एकटं डीएनएज, दोन्ही निरुपयोगी ठरले. ऑपरेशनसाठी सर्जनकडे पाठवावं लागलं ते दोन्ही औषधांच्या गटात ४ टक्के, नुसत्या द्रावणाच्या गटात १६ टक्के. रुग्णालयातला मुक्काम जवळपास आठवड्यानं कमी झाला.

१९४९ चा तो अर्क या अर्थानं बरोबर निघाला. त्यात दोघंही होते, आपणच एकाला बाजूला काढून टाकलं होतं.

म्हणजे मिस्ट-२ नं प्रश्न सुटला?

बराचसा. पण मी त्याकडे आंधळेपणानं बघत नाही, तुम्हीही बघू नका. ती चाचणी जीव वाचतात का हे मोजायला आखलेली नव्हती, एक्स-रेतला बदल मोजायला आखलेली होती. प्रत्येक गटात साधारण पन्नासच माणसं होती. आर्थिक मदत एका औषध कंपनीच्या बिनशर्त अनुदानातून आली होती, आणि तसं त्यांनी उघडपणे लिहिलंही आहे. शिवाय एकटं डीएनएज मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना सर्जनकडे पाठवावं लागलं. म्हणजे अर्धवट उपचारानं काहींचं वाईटच झालं असावं. म्हणून "टीपीए नाही मिळालं, डीएनएज तरी देऊ" असं कधीही करू नये.

या औषधांनी छातीत रक्तस्राव होतो असं वाचलं.

होऊ शकतो. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १,८५१ रुग्णांच्या २०२२ मधल्या आढाव्यात सुमारे ४ टक्क्यांना छातीत रक्तस्राव झाला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर धोका वाढतो. हृदयाच्या रुग्णांनी आपल्या गोळ्यांची यादी नळीच्या औषधाआधीच डॉक्टरांसमोर ठेवावी. डोस दिल्यावर नळीतून लालसर पाणी येणं मात्र नेहमीचं आहे, त्यानं घाबरू नका. बाटलीत एकाएकी गडद रक्त भरायला लागलं, रुग्ण फिकट पडला किंवा घामाघूम झाला, तर ताबडतोब हाक मारा.

ही औषधं आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. दुसरा मार्ग?

हा प्रश्न आला की मला वाईट वाटतं, कारण तो खरा असतो. पण उत्तर अगदीच रिकामं नाही.

एक म्हणजे डोस. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या गटानं अल्टेप्लेजचा डोस १० ऐवजी ५ मिलिग्रॅमनं सुरू करून पाहिला. २०१७ मधल्या त्या अभ्यासात ६१ रुग्ण होते आणि त्यांतले ९३ टक्के ऑपरेशनशिवाय बरे झाले. तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता हे लक्षात ठेवा, पण अर्ध्या डोसचा विचार करायला आधार मिळाला. निम्मा डोस म्हणजे त्या औषधाचा निम्मा खर्च.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे, सलाइन. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ३५ रुग्णांवर छोटी चाचणी केली. निम्म्यांना नळीतून २५० मिलिलिटर सलाइन दिवसातून तीनदा, तीन दिवस सोडलं. सीटी स्कॅनवर मोजलेला साठा त्यांच्यात ३२ टक्क्यांनी घटला, बाकीच्यांत १५ टक्क्यांनी. चाचणी लहान आहे, त्यावर इमला बांधू नये. पण सलाइनची बाटली तालुक्याच्या रुग्णालयातही असते. यावर आपल्या देशात मोठी चाचणी व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण उत्तराची खरी गरज आपल्याला आहे.

आपल्याकडे स्ट्रेप्टोकायनेज किंवा तसंच जाळी विरघळवणारं युरोकायनेज अजूनही बरेच वापरलं जातं. ते का आणि कोणत्या आधारावर, हे डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना संकोच करू नका. उपचार सरकारी योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नको.

ऑपरेशन लागेल का? आत्ताच सांगा.

आत्ताच सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. २०१४ मध्ये रॅपिड नावाची गुणपद्धत मांडली गेली. रक्तातलं युरिया, वय, पाणी पू आहे की नाही, आजार घरी झाला की रुग्णालयात, आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, या पाच गोष्टींवरून गुण द्यायचे. पायलट या अभ्यासात ५४६ रुग्णांवर ती पारखली गेली. कमी गुणांच्या रुग्णांत तीन महिन्यांत दगावले २.३ टक्के, मधल्या गटात ९.२ टक्के, जास्त गुणांच्या गटात २९.३ टक्के. अनेकांना नवल वाटतं ते असं, की उघड पू असणं हे या पद्धतीत चांगलं लक्षण आहे. पू नसलेल्यांचं भवितव्य थोडं अधिक वाईट.

ही पद्धत मृत्यूचा धोका सांगते. ऑपरेशन कोणाला लागेल हे ती तितक्या खात्रीनं सांगत नाही. सुरुवातीलाच दुर्बिणीचं ऑपरेशन करावं, नळीतून औषध द्यावं, की दोन्हींसाठी थांबावं, हे मिस्ट-३ च्या पहिल्या टप्प्यात ६० रुग्णांवर तपासलं गेलं. अशी मोठी चाचणी करता येईल का, एवढाच तिचा मुख्य प्रश्न होता.

माझं मत विचाराल तर असं. नळी आणि औषधं सुरू करून तीन ते पाच दिवसांत ताप उतरत नसेल आणि साठा कमी होत नसेल, तर सर्जनला बोलवावं. "अजून दोन दिवस बघू" हे वाक्य दोनदा बोलून झालं की तिसऱ्यांदा बोलू नये. दुर्बिणीनं जाळी काढणं सोपं असतं. साय जाड झाली की ती फुप्फुसावरून सोलून काढावी लागते. त्याला डीकॉर्टिकेशन म्हणतात, आणि ते मोठं ऑपरेशन आहे.

माझ्याकडे एक ऊसतोड कामगार आला होता. वय पस्तिशीचं, मधुमेह माहीतच नव्हता. तीन आठवडे ताप आणि डावी कूस दुखत होती. तळावरून तळावर फिरताना मिळेल तिथे इंजेक्शन घेत होता. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तेव्हा पडद्यावर मोकळं पाणी बोटभरही नव्हतं, नुसती जाळी आणि खाली पांढरी जाड कड. पहिल्या आठवड्यात आला असता तर सुई आणि बारीक नळीत निभावलं असतं. त्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि तो वाचला, पण त्या हंगामाची त्याची उचल फिटली नाही.

इतका पू निघाला, तरी रिपोर्टमध्ये जंतूच नाही. लॅब चुकली का?

बहुतेक वेळा नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, चाळीस टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत काहीच उगवत नाही. आधी घेतलेली अँटिबायोटिक्स हे एक कारण, आणि प्राणवायूशिवाय जगणारे जंतू साध्या डबीत मरून जातात हे दुसरं. २०११ मधल्या एका अभ्यासात नमुना साध्या डबीसोबत रक्ताच्या कल्चरच्या बाटलीतही टाकला, आणि जंतू सापडण्याचं प्रमाण ३८ वरून ५९ टक्क्यांवर गेलं. बिछान्याशेजारीच पाच-दहा मिलिलिटर त्या बाटलीत टाकायचं, इतकं सोपं. सगळीकडे हे होत नाही, व्हायला हवं.

जनुकीय तपासणीनं आणखी एक दिसलं. पुष्कळदा छातीत एक जंतू नसतोच, अनेक मिळून असतात, आणि त्यातले कितीतरी तोंडात राहणारे. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, मिश्री आणि तंबाखूनं खराब झालेलं तोंड, त्यावर दारूची किंवा झोपेची गुंगी, आणि तोंडातली घाण श्वासनळीत. घरी जाताना दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी देतो तेव्हा लोक चमकतात. त्यामागचं कारण हे.

टीबीचा पू असेल तर?

आपल्याकडे हा विचार पहिल्या दिवसापासून करावा लागतो. टीबीचं पाणी बहुधा पिवळसर, पारदर्शक असतं आणि सहा महिन्यांच्या औषधांनी जातं, त्याला नळी सहसा लागत नाही. टीबीचा पू मात्र वेगळा आणि चिवट असतो. पाण्यातलं एडीए (टीबीत वाढणारा एक पदार्थ), सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि गरज पडल्यास आवरणाचा तुकडा, यांवरून निदान होतं. पाण्यात सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. वर सांगितलेल्या मिस्ट चाचण्या टीबीसाठी आखलेल्या नव्हत्या, त्यांचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. टीबीची औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, नोंदणी तेवढी करून घ्या.

लहान मुलांचं काय?

मुलांचं फुप्फुस चिवट असतं. मोठ्यांपेक्षा ती फार चांगली बरी होतात, आणि काही महिन्यांनी एक्स-रे पाहिला तर आजार कुठल्या बाजूला होता ते ओळखू येत नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली ६० मुलांवर झालेल्या चाचणीत नळीतून युरोकायनेज दिलेली मुलं सरासरी ७.४ दिवसांत घरी गेली, न दिलेली ९.५ दिवसांत. लंडनमध्ये २००६ मध्ये दुर्बिणीचं ऑपरेशन आणि युरोकायनेज यांची तुलना झाली. ऑपरेशननंतरचा किंवा औषधानंतरचा मुक्काम दोन्हीकडे सारखाच, सहा दिवसांचा, आणि खर्च ऑपरेशनला जास्त. म्हणून मुलांत आधी नळी आणि औषध, तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन, असाच क्रम बहुतेक ठिकाणी ठेवतात. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची पीसीव्ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आपल्या सरकारी लसीकरणात आली आहे. बाळाचं कार्ड काढून ती दिली आहे का, ते आजच बघा.

अँटिबायोटिक्स किती दिवस? आणि स्टेरॉइडनं लवकर बरं वाटतं म्हणतात.

पूर्वी सरसकट सहा आठवडे देत. २०२३ मधल्या स्लिम या ५० रुग्णांच्या छोट्या चाचणीत, धोका कमी किंवा मध्यम असलेल्या आणि सुरुवातीला सुधारलेल्या रुग्णांना दोन-तीन आठवड्यांचा कोर्स पुरला. तरी मनानं थांबवू नका. स्टेरॉइडचं म्हणाल तर स्पेनमध्ये मुलांत फायदा दिसला होता, ऑस्ट्रेलियात मोठ्यांवरच्या चाचणीत दिसला नाही.

वडिलांना चाचणीत घेऊ का, असं विचारतात. म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?

तुमची भीती मी समजतो. वर जे-जे सांगितलं ते आज आपल्याला माहीत आहे, कारण कोणीतरी अनोळखी माणसानं, ताप असताना, छातीत नळी असताना, कागदावर सही केली. स्ट्रेप्टोकायनेजचा फायदा नाही हे त्यांच्यामुळे कळलं.

पण सही करण्याआधी तुमचे हक्क ओळखा. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. नेहमीच्या उपचारात नेमका काय बदल होणार, ते विचारा. नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतली नोंदणी आहे का, ते विचारा. नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचारात कमी होता कामा नये. नाही म्हणणं हाही पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे.

नळीला लावलेल्या बाटलीकडे बघून काय कळतं?

बाटलीतल्या पाण्यात बुडालेल्या नळीत पाण्याची पातळी श्वासाबरोबर वर-खाली होते. रुग्णाला खोकायला सांगा, ती उसळी मारेल. हालत असेल तर नळी मोकळी आहे. हालायची थांबली, तर एक तर फुप्फुस पूर्ण उघडलं किंवा नळी बुजली किंवा दुमडली, सिस्टरांना सांगा. बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवा. स्ट्रेचरवर रुग्णाच्या पायांमध्ये, पलंगाच्या पातळीवर ठेवतात ते चूक आहे, त्यानं पाणी उलट छातीत जाऊ शकतं. बाटली आडवी पडू देऊ नका. आणि नळी आहे म्हणून रुग्णाला पलंगाला खिळवू नका, बाटली हातात धरून वॉर्डात चार फेऱ्या झाल्याच पाहिजेत.

घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते यंत्र तासातासानं ओढा, दुखलं तरी. पूमधून शरीरातली बरीच प्रथिनं जातात, म्हणून अंडी, डाळ, उसळ, दूध, मासे, जे चालत असेल ते रोज. साखर तपासून घ्या, कारण मधुमेह पुष्कळांत याच आजारात पहिल्यांदा सापडतो. ताप पुन्हा आला, दम वाढला किंवा नळीच्या जागेतून पू यायला लागला, तर तारखेची वाट न बघता या. पहिला एक्स-रे साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतो. त्यावर थोडी पांढरट कड उरलेली दिसते आणि रुग्णाचा चेहरा पडतो. ती बहुतेकांत पुढच्या काही महिन्यांत विरळ होत जाते. जुना एक्स-रे फेकू नका, नव्याशेजारी लावून बघायला तोच लागतो.